बोडीमागच्या गल्लीचा धुरा

लग्न होऊन मी तिरोड्याला आले ती वैशाखात, आणि त्यामुळेच फसले, असं मी पुढं कित्येक वर्षं यांना ऐकवत असे. वैशाखात आमची गल्ली ठणठणीत कोरडी होती. दोन्ही बाजूंना मातीची कौलारू घरं, मागं बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि पुढं गल्ली सरळ जाऊन स्टेशनच्या रस्त्याला मिळालेली. त्या गल्लीतून हे सकाळी दुकानाला निघत. यांचा उजवा पाय लहानपणीच्या तापात गेला होता. बगलेत कुबडी असायची, पण चाल अशी की धडधाकट माणूस मागं पडावा. कडक मातीवर टक् टक् करत कुबडी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मी चुलीपुढं बसून तो आवाज ऐकत राहायची. मला पाहायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी भीत भीत विचारलं होतं, "एवढ्या पायानं शिंपीकाम कसं करता जी?" हे म्हणाले होते, "मशीनले एकच पाय लागते, मामाजी." त्या एका उत्तरावर माझं लग्न ठरलं.

दुकान स्टेशनच्या रस्त्यावर होतं. गाडीतून उतरलेले खेड्यापाड्यांचे लोक कापड घेत, यांच्याकडे माप देत आणि बाजार करून परत गाडी धरत. पोळ्याचे, दिवाळीचे, लग्नाचे कपडे इथंच शिवले जात. यांच्या हाताला नाव होतं. काजं तर अशी करत की मी ती उगाचच बोटानं चाचपून पाहायची.

माझं माहेर चिचगडकडचं. तिकडची जमीन लाल, मुरमाड, जंगलातली. पाऊस पडला की पाणी उतारानं नाल्यात जातं आणि थोड्या वेळात अंगण झाडता येतं. चिखल मला ठाऊक होता तो बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातल्या तुकड्यातला. घराच्या उंबऱ्याशी चिखल येऊन बसतो, ही गोष्टच मला नवी होती.

आषाढ लागला आणि गल्ली गेली. नाहीशीच झाली म्हणा ना. काळी चिकण माती, वरून गुरांचे पाय, बोडीचं फुगून आलेलं पाणी, आणि उतार कुठं म्हणून नाही. मी दारात उभी राहून पाहतच राहिले. एक म्हातारी पलीकडं जाताना तिची चप्पल आत गेली ती गेलीच. दिवाळीनंतर जमीन सुकली की निघेल, असं ती शांतपणे म्हणाली आणि अनवाणी पुढं गेली. गल्लीतल्या लोकांना यात काही विशेष वाटत नव्हतं, याचंच मला जास्त नवल वाटलं.

खरं नवल दुसऱ्या दिवशी पाहिलं. समोरच्या घरात एक पोवार शेतकरी राहत. पिढ्यांपूर्वी माळव्यातून आलेलं घराणं, धानाची शेती, अंगानं धिप्पाड माणूस. मी त्यांना भाऊजी म्हणायची. सकाळी ते चिखल तुडवत आमच्या दारात आले, उंबऱ्याकडे पाठ करून उकिडवे बसले. यांनी कुबडी माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले आणि पाठीवर चढले. भाऊजी उठले, हात मागं करून माझ्याकडून कुबडी घेतली आणि चालू लागले.  गल्लीत कुणी मान वळवून पाहिलंही नाही.

मी नवी नवरी. माझा नवरा दुसऱ्याच्या पाठीवर बसून कामाला चाललाय, हे पाहताना हसावं की रडावं कळेना. थोडं पुढं गेल्यावर हे मोठ्यानं म्हणाले, "चाल गा, आज घोडा कायले सुस्त पडून राहिला?" गल्ली हसली, भाऊजीही हसले. पण मला मागून यांचे कान दिसत होते. ते लालबुंद झाले होते.

मी येण्याच्या कितीतरी आधीपासून हे असं चालू होतं. दर पावसाळ्यात सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं. भाऊजींनी त्याचा कधी उच्चार केला नाही. पण रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली की त्यांना पहाटेच शेतावर जावं लागे, आणि मग दुकान बंद. मशीन घरी आणून पाहिलं होतं, पण माप द्यायला एवढ्या चिखलातून आत कोण येणार? नेमका पोळ्याच्या आधीचा हंगाम हातचा जाई. त्यात त्याच वर्षी स्टेशनसमोर दुसरा शिंपी आला. त्याचे दोन्ही पाय चांगले होते आणि त्याचं दुकान रोज उघडं असे.

एका दुपारी बाहेर झड लागली होती आणि हे घरात बसून भाऊजींचा सदरा नीट करत होते. सदरा दोन्ही खांद्यांवर विरून फाटला होता, बाकी नवाच होता. यांच्या पकडीनं भाऊजींचे सदरे नेहमी खांद्यावरच जात. म्हणून हे त्यांचा नवा सदरा शिवतानाच खांद्याला आतून दुसरं कापड लावत. भाऊजींचा सदरा म्हणजे खांदा दुहेरी, हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं.

मी म्हटलं, "काऊन गप्प हा? दुकानाची काळजी करून राहिले का?"

सुई थांबली. हे म्हणाले, "मले एकच पायजे व. पान्यापावसात आपल्या पायानं दुकानात जाऊन बसाचं. कोनाच्या पाठीवरून नाई."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी सारं हाय."

 त्या दिवसापासून मी त्या गल्लीकडं दुश्मनासारखी पाहू लागले.

आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र विहिरीवर निघायचं. संपादक म्हणजे मुरमुरेवाली मावशी. ती मूळ छत्तीसगडची, गल्लीच्या मध्यावर तिची मुरमुऱ्यांची भट्टी होती आणि पाणी भरायला ती सगळ्यांच्या आधी हजर असे. बिडीच्या कारखान्यात यंदा पानं कशी आली, सायकलवाल्यानं दुकान मोठं केलं, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, हे सगळं तिथं कळे. दोन हंगाम गेल्यावर माघात एका सकाळी ती घागर खाली ठेवून म्हणाली, रस्ता होणार.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि श्रमदानाचे दिवस होते. आमचा भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता, पुढं मुंबई राज्यात गेला. गल्ली मात्र कुठल्याच राज्याच्या नजरेला पडली नव्हती. आता कुणी येऊन सांगून गेलं होतं की मुरूम मिळेल, मेहनत तुम्ही करा. धानाची मळणी उरकली होती, हात मोकळे होते. भाऊजींनी सगळ्यांना बोडीच्या काठावर बोलावलं आणि दुसऱ्याच दिवशी कुदळी पडायला लागल्या.

ते दिवस आठवले की मला आजही भरून येतं. बैलबंड्या मुरूम आणून ओतत होत्या. धानाच्या गिरणीनं भट्टीची राख न्या म्हणून सांगितलं, ती बायकांनी टोपल्यांनी वाहिली. बिडी वळणाऱ्या बाया दिवसभर काम करून आल्यावर पदर खोचून उभ्या राहत. मावशी सगळ्यांना मूठ मूठ मुरमुरे वाटत फिरे. ज्या बायका एकमेकींच्या घागरीला घागर लागू देत नव्हत्या, त्या एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर टोपलं देत होत्या. मी लांब माहेरची, मला यातलं कुणी आपलं नव्हतं, आणि आठवड्याभरात सगळं आपलं झालं.

यांना टोपलं उचलता येत नव्हतं. म्हणून यांनी काय करावं? दुकानातल्या साऱ्या चिंध्या आणून प्रत्येक बाईसाठी एक चुंबळ शिवली. डोक्यावर टोपल्याखाली ठेवायची ती चुंबळ आम्ही एरवी जुन्या लुगड्याची नुसती पिळून करायचो. यांनी आत कापूस भरून, वर रंगीत तुकडे जोडून, टीप मारून केल्या. एकीसारखी दुसरी नाही. बायका त्या डोक्यावर घालून हसतच सुटल्या. कामावरून घरी जाताना त्या कुणी काढीना.

आणि रस्ता काय झाला म्हणून सांगू! आमच्या गल्लीतले हात सगळे धानाच्या शेतातले. त्यांनी पाटा फिरवून गल्ली अशी सपाट केली की परातीतलं पाणी हलू नये. मुरूम वाहून जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना हातभर उंचीची पाळ बांधली. ती कशी बांधली ते मी डोळ्यांनी पाहिलं. चिकण मातीचे डिखळे एकावर एक, प्रत्येक थर टाचेनं तुडवलेला, वरून फावड्याच्या पाठीनं चोपून, शेवटी ओल्या हातानं सारवलेला. मोठ्या रस्त्याच्या नालीत मुरूम सांडायला नको म्हणून त्या टोकालाही तशीच एक पाळ घातली, फक्त बंडी चढून जाईल एवढी उतरती; मागच्या टोकाला बोडीची पाळ होतीच. मीही सारवायला होते. काम संपलं तेव्हा सगळी गल्ली नुसती पाहत उभी राहिली. नारळ फोडला. यांनी कुबडीच्या टोकाला सायकलच्या जुन्या टायरचा नवा तुकडा ठोकून घेतला.

आषाढात पहिली मोठी झड आली. सकाळी मी दार उघडलं आणि उघड्या तोंडानं तशीच उभी राहिले.

गल्लीभर पाणी. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकसारखं, निवळ, काठोकाठ. कुठं थेंब बाहेर सांडलेला नाही. समोरच्या घरांची कौलं त्यात उलटी दिसत होती. मी त्या आधी आणि नंतरही एवढं सुंदर, एवढं निरुपयोगी काम पाहिलेलं नाही.

भाऊजी त्यांच्या दारात डोक्याला हात लावून उभे होते. एक एक घर बाहेर आलं.  सगळ्यांना एकाच वेळी उमगलं होतं की आपण रस्ता केला नाही, बांधी केली. सपाट तळ, चारी बाजूंनी धुरा. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. पाणी अडवायला धुरा कसा घालावा हे या माणसांच्या हातांत इतकं मुरलं होतं की पाणी जाऊ द्यायचं असतं, हे महिनाभरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. मग भाऊजींना हसू फुटलं. ते उंबऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"सारा जनम पानी अडवन्यात गेला, वैनी," ते म्हणाले. "सोडाचं कसं, हे हातालेच मालूम नाई!"

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या मधोमध कुणीतरी धानाच्या रोपांची एक जुडी लावून ठेवली होती, ओळीत. लोक येता-जाता पोट धरून हसत. भाऊजींनी टोकाची पाळ फोडली, पाणी उतरलं, पण तळ सपाटच. मुरूम आणि राख एक होऊन पिठल्यासारखं झालं.

आमच्या घरात मात्र कुणी हसलं नाही. हे सकाळी तयार होऊन बसले होते, धुतलेला पायजमा, नव्या टायरची कुबडी. भाऊजी नेहमीसारखे आले, पाठ करून बसले.

हे म्हणाले, "उठ गा. यंदा नाई."

"काऊन?"

"नाई म्हनलो ना."

 भाऊजी उठून गेले. त्यांची ती मोकळी पाठ मला बघवेना.

दुकान बंद राहिलं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पाऊस पडतच राहिला आणि हे भिंतीकडे पाहत बसले. विहिरीवर बातमी आली की पोळ्याचं कापड सगळं दुसऱ्या शिंप्याकडे चाललंय. मी भांडले. म्हटलं, "इतकी वर्षं गेलेच ना पाठीवरून? आता कायचा ताठा?" हे म्हणाले, "इतकी वर्षं रस्ताच नव्हता. आता झाला आनि तरी पाठीवर? त्यापेक्षा घरीच बरा." मी आदळआपट केली, भांडी वाजवली आणि चिडून दाराशी येऊन बसले.

बसले म्हणून दिसलं. संध्याकाळ होती. मुरमुरेवाली मावशी डोक्यावर टोपली घेऊन बाजारातून येत होती. ती चिखलातून येत नव्हती. ती आमच्या बाजूच्या धुऱ्यावरून येत होती, एकापुढं एक पाऊल टाकत, शेतात जावं तशी. तिच्यामागून बिडीवाल्या दोघी, तशाच. त्यांच्यामागून एक बकरी. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. या मुलखातल्या माणसाला बांधी दिसली की त्याचे पाय आपोआप धुऱ्यावर चढतात, एवढंच. मी आ वासून पाहत होते, तर मावशी माझ्यापुढून जाताना म्हणाली, "का देखत हस बहू? ऊपर ले चल ना!" वरून चाल की, काय बघतेस, असं.

मी वर चढले. पाय रोवून दाबून पाहिलं. एवढा पाऊस खाऊनही धुरा हलला नव्हता. खाली सगळं पिठलं आणि हा दगडासारखा. फक्त रुंदी एका पावलाची होती. माझं भागत होतं, कुबडीवाल्या माणसाचं भागलं नसतं. त्याला पाऊल ठेवायला जागा हवी आणि शेजारी कुबडीलाही.

मी तशीच समोर गेले आणि भाऊजींना म्हटलं, "भाऊजी, रस्ता राहू द्या. हा धुराच रुंद करा."

भाऊजींनी धुऱ्याकडं पाहिलं, मग आमच्या दाराकडं. म्हणाले, "रुंद करा म्हनता, पन जागा कोन देईन? अंगनं कापा लागतीन."

ते असं का म्हणाले हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे धुरा म्हणजे नुसती माती नव्हे. दोन शेतांमधला धुरा दोघांचा असतो, आणि दर वर्षी पावसाआधी दोन्हीकडचे मालक आपापल्या बाजूनं तो फावड्यानं हळूच तासतात. बोटभर जमीन आपल्याकडं येते, धुरा बारीक होत जातो आणि एक दिवस दोघांची डोकी फुटतात. खुद्द भाऊजी आणि त्यांच्या थोरल्या भावाचं शेतातल्या धुऱ्यावरून बोलणं बंद होतं. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून, आमच्या समोरच. एकाच्या घरी बारसं झालं तरी दुसऱ्याच्या घरची चूल नेहमीसारखी पेटायची. या माणसांना धुरा रुंद करायला अंगण द्या म्हणायचं!

भाऊजींनी कुणाला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी रोवणीवरून चिखलानं माखलेल्या पायांनी परत आले, फावडं घेतलं आणि आपल्या दारापुढं धुरा घराच्या बाजूनं वाढवायला लागले. स्वतःचा ओटा हातभर कापला. तुळशीचं वृंदावन उचलून मागं ठेवलं. रस्त्याच्या त्यांच्या अंगाला सलग धुरा होईल, तिथून टोकापर्यंत जाता येईल, असा त्यांचा हिशेब होता. आमच्या दारातून पलीकडं जायला त्यांनी मध्ये दोन सपाट दगड टाकले.

पुढच्या संध्याकाळी थोरल्याचं घर सोडून त्याच्या पलीकडच्या घरानं फावडं काढलं. मग त्यापलीकडच्यानं. दिवसभर कमरेतून वाकून धान रोवलेली माणसं, घरी येऊन पाठ टेकायची ती वेळ, आणि ती अंधार पडेस्तोवर माती चोपत होती. एकानं गुरं बांधायचा खुंटा उपटून मागं नेला. मावशीनं भट्टीपुढची बसायची जागा दिली. ज्यांनी शेतात बोटभर मातीसाठी शिव्या दिल्या होत्या, त्यांनी इथं हातभर अंगण न मागता दिलं. मी चुंबळ डोक्यावर घालून माती वाहत होते आणि मनात म्हणत होते, ही हीच माणसं का? मला अजूनही त्याचं उत्तर सापडलेलं नाही. मी देवळात जाऊन हात जोडते, पण खरं सांगायचं तर तशी मान माझी त्या संध्याकाळी आपोआप झुकली होती.

एकच जागा राहिली. भाऊजींचं अंगण संपतं आणि थोरल्या भावाचं सुरू होतं, तिथं. थोरल्यानंही आपल्या दारापुढचा धुरा रुंद केला होता, अगदी नेटका. पण आपल्या हद्दीपर्यंत. भाऊजींनी आपल्या हद्दीपर्यंत. दोघांच्या मध्ये पाऊलभर खाच राहिली होती आणि तिच्यात चिखल. धडधाकट माणूस ती सहज ओलांडे. यांना ते जमणार नव्हतं, आणि हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. पण दोघा भावांना सांगणार कोण?

सकाळी पाहिलं तर खाचेत एक दगड बसवलेला होता. तो मी ओळखला. थोरल्याच्या घरचा धुणं धुवायचा दगड होता तो, घासून घासून मधोमध खोलगट झालेला. भाऊजी बाहेर आले, त्यांनी तो पाहिला.  फावडं आणलं आणि दगडाच्या दोन्ही बाजूंनी माती भरून तो धुऱ्याच्या बरोबरीला आणला. थोरला आपल्या दारात उभा राहून पाहत होता. "डावीकडे अजून भर," एवढंच तो म्हणाला. कित्येक वर्षांत भावाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. भाऊजींनी डावीकडं भरलं.

त्याच सकाळी हे निघाले.

गल्लीतलं प्रत्येक माणूस त्या वेळी फार कामात होतं. कुणी दोरी वळत होतं, कुणी उगाच कोंबड्या हाकत होतं. कुणी पाहत नव्हतं आणि सगळे पाहत होते. यांनी सपाट दगडांवरून गल्ली ओलांडली, पलीकडच्या धुऱ्यावर चढले. कुबडी टेकली, दाबून पाहिली. पाऊल टाकलं. मातीवर आवाज होत नव्हता. भाऊजी त्यांच्या शेजारून चालत होते, पण खाली, चिखलातून, नडगीपर्यंत रुतत. हात जरा पुढं धरलेला, लागू न देता.

हे थांबून म्हणाले, "वर ये ना गा. चिखलात कायले चालून राहिला?"

"मले सवय हाय," भाऊजी म्हणाले.

खोलगट दगड आला. यांनी त्याच्या बरोबर मध्यावर कुबडी ठेवली आणि पार झाले. मग मावशीची भट्टी, मग पुढची घरं, मग मला पाठमोरी आकृती नीट दिसेना, कारण माझे डोळे भरले होते. मी पदरानं पुसले, तोवर हे दिसेनासे झाले. आणि तेव्हा लांबून, स्टेशनच्या पक्क्या रस्त्यावरून आवाज आला. टक्, टक्, टक्. आषाढात तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि पोटभर रडले.

पुढं त्या धुऱ्याचं बरंच काही झालं. कडेला दगड लागले, पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूलाही तसाच झाला, मधून पाणी उतारानं बोडीकडं काढलं, तेही शिकलो आम्ही. पावसात घराबाहेर न पडणाऱ्या बायका संध्याकाळी धुऱ्यावरून बाजारात जायला लागल्या. मावशीनं भट्टीपुढं बाकडं टाकलं, तिथं चहा मिळू लागला. एक पानठेला आला, सायकलवाल्यानं पंक्चर काढायला एक पोरगा बसवला. दुसऱ्या गल्ल्यांतले लोक येऊन धुरा पाहून जात, आणि आमची माणसं त्यांना फुशारकीनं सांगत की आधी बांधी करा, मग रस्ता होते. पण माझ्या लेखी ही गोष्ट तिथं संपत नाही. ती सदऱ्याशी संपते.

त्या वर्षी पोळ्याचं थोडं काम यांच्या हाती परत आलं. सगळ्यात आधी यांनी भाऊजींचा नवा सदरा शिवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हे धुऱ्यावरून घरी आले, सदरा काखेतल्या पिशवीत होता, आणि समोरच्या दारातच थांबले. मीही तिकडं गेले. भाऊजींनी सदरा अंगात घातला. बरोबर बसला. बसणारच, त्या खांद्यांना यांनी टेप कधी लावलीच नव्हती, लावायची गरजच नव्हती.

भाऊजींनी सवयीनं डाव्या खांद्यावर हात फिरवला. मग उजव्या. कापड चिमटीत धरून पाहिलं. पुन्हा डाव्या.

"खांदा दुहेरी कराचा विसरला का गा?" ते म्हणाले.

"विसरलो नाई," हे म्हणाले.

भाऊजींचा हात खांद्यावर तसाच राहिला. मग ते वळून घरात गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.